बिघडलेल्या नोंदीचे काय करायचे?

दहा लाख नोंदींच्या एका फाइलीतल्या रकमांची बेरीज करायची आहे. अर्ध्याच्या पुढे कुठेतरी एका ओळीत रकमेच्या जागी ‘लागू नाही’ असे शब्द आहेत. प्रोग्रामने काय करावे? तिथेच थांबून कोणत्या ओळीत काय अडले ते सांगावे, ती ओळ सोडून पुढे जावे, रक्कम शून्य धरावी, की ओळ बाजूला काढून बाकीची बेरीज पुरी करावी आणि शेवटी दोन्ही गोष्टी हातात द्याव्यात? चारही रीतींनी प्रोग्राम लिहिता येतो आणि चारही प्रोग्राम चालतात. बेरजेपुरते पाहिले तर ओळ सोडणारा आणि शून्य धरणारा प्रोग्राम एकच आकडा देतात. त्याच फाइलीची सरासरी मागितली की दोघांची वाट वेगळी होते, कारण एक दहा लाखांनी भागतो आणि दुसरा एकाने कमी अशा संख्येने. म्हणजे चूक एकाच नोंदीत असली तरी तिच्याबद्दलचा निर्णय सबंध उत्तराचा अर्थ बदलतो, आणि कोणता निर्णय बरोबर हे त्या नोंदीकडे कितीही बारकाईने पाहिले तरी कळत नाही. ते उत्तर कशासाठी हवे आहे यावरून कळते. तेव्हा हा निर्णय एकेक नोंद वाचणाऱ्या छोट्या फंक्शनने परस्पर घेऊ नये, उत्तर वापरणाऱ्याने घ्यावा, आणि जो घेतला तो उत्तरासोबत दिसावा, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. ऐकायला हे साधे वाटते. प्रत्यक्षात गेल्या साठ-पासष्ट वर्षांतल्या बहुतेक भाषांनी आणि साधनांनी ते या ना त्या प्रकारे अवघड करून ठेवले आहे.

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या पुस्तकांत लूप एका प्रकरणात येतो आणि एरर हाताळणे दुसऱ्या. पहिल्या प्रकरणातल्या याद्या निर्मळ असतात. दुसऱ्यातली चूक एकटीदुकटी असते: फाइल उघडली नाही, शून्याने भागले, पासवर्ड चुकला. दोन्हींची गाठ कुणी घालून देत नाही, आणि कामावर रुजू झाल्यावर पहिल्यांदा जे पदरी पडते ते नेमके या गाठीवरचे असते. तिथे आधी एवढे ओळखावे लागते की ‘चूक’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी वावरतात. नोंदच वाईट असू शकते. नोंद चांगली असेल, पण नोंदी पुरवणारा स्रोत मध्येच तुटलेला असू शकतो: नेटवर्क गेले, डिस्क वाचता येईना. किंवा नोंद आणि स्रोत दोन्ही ठीक असून आपल्याच प्रोग्राममध्ये बग असू शकतो. पहिल्या बाबतीत ‘सोडा आणि पुढे चला’ हे कधीकधी शहाणपणाचे ठरते. दुसऱ्या बाबतीत पुढे जायला काही उरलेलेच नसते. तिसऱ्यात प्रत्येक नोंद एकाच कारणाने पडते, सगळ्या सोडल्या जातात, आणि प्रोग्राम रिकामी फाइल तयार करून ‘काम यशस्वी’ म्हणून मोकळा होतो. शिवाय चौथी एक गोष्ट आहे, जी चूक नाहीच: नोंदी संपल्या. हे संपणे आणि ते तुटणे यांची गल्लत हा या विषयातला सर्वांत जुना दोष आहे, आणि त्याच्याकडे पुढे पुन्हा यावेच लागेल.

पंच कार्डांच्या काळात हा प्रश्न कुणाला तात्त्विक वाटत नव्हता. व्यापारी कामांसाठी घडवलेल्या कोबोलमध्ये फाइल वाचण्याच्या आज्ञेलाच ‘अ‍ॅट एंड’ हे उपवाक्य जोडता येते, आणि गणिताच्या आज्ञेला ‘ऑन साइझ एरर’. म्हणजे फाइल संपणे वेगळ्या जागी आणि आकडा न मावणे वेगळ्या जागी. हिशेब तपासनिसांच्या शिस्तीत वाढलेल्या त्या जगात नाकारलेल्या नोंदींची वेगळी यादी छापणे हा कामाचाच भाग होता. कंपायलर लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न त्याच काळात भिडला. कार्डांचा गठ्ठा आज द्यायचा आणि निकाल कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी घ्यायचा, अशा व्यवस्थेत पहिल्या चुकीला थांबणारा कंपायलर कुणालाच परवडणार नव्हता. एका फेरीत जितक्या चुका दाखवता येतील तितक्या दाखवणे भाग होते. मात्र पुढे गेल्याची किंमतही तिथेच कळली. एक कंस विसरला की त्यापुढच्या धडधाकट ओळीही चुकीच्या दिसू लागतात आणि एका खऱ्या चुकीमागे पन्नास खोट्या छापल्या जातात. त्यावर तोडगा म्हणून गोंधळ झाला की पुढच्या अर्धविरामापर्यंतचे सगळे टाकून द्यायचे आणि तिथून नव्याने वाचायला लागायचे, ही रीत रूढ झाली आणि आजही पुष्कळ कंपायलर ती पाळतात. चुका गोळा करायच्या तर पुन्हा कुठून सुरुवात करायची हे आधी ठरलेले असावे लागते, हा धडा पुढच्या पिढ्यांना मात्र पुन्हा पुन्हा शिकावा लागला.

युनिक्स आणि सी यांनी हा विषय हलका केला आणि थोडा बिघडवलाही. सीमधले ‘गेटचार’ हे फंक्शन एकेक अक्षर वाचून देते, पण त्याचे उत्तर अक्षराच्या टाइपचे नसून पूर्णांकाच्या टाइपचे असते. कारण फाइल संपल्याची खूण, सहसा उणे एक, अक्षरांच्याच वाटेने परत येते आणि ती कोणत्याही खऱ्या अक्षराशी जुळून चालत नाही. नवशिक्याने ते उत्तर अक्षराच्या टाइपमध्ये साठवले, आणि त्या यंत्रावर तो टाइप चिन्हासह असला, तर २५५ किमतीचा पहिला बाइट आला की प्रोग्रामला फाइल संपल्यासारखी वाटते. पुढचा मजकूर वाचलाच जात नाही आणि तक्रार कुठेही उमटत नाही. पाइपांचेही तसेच. डग मॅकिलरॉय यांनी लावून धरलेली ही कल्पना १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली आणि छोटे प्रोग्राम एकामागोमाग जोडून मोठे काम करण्याची एक सुंदर रीत जगाला मिळाली. पण शेलच्या जुन्या नियमाप्रमाणे सगळ्या साखळीचा निकाल म्हणजे शेवटच्या प्रोग्रामचा निकाल. फाइल वाचणाऱ्या पहिल्या प्रोग्रामला ती फाइल सापडलीच नाही तरी ओळी मोजणारा शेवटचा प्रोग्राम ० छापतो आणि साखळी यशस्वी ठरते. पडद्यावर एक तक्रार उमटते खरी, पण रात्री आपोआप चालणाऱ्या कामाचा पडदा पाहतो कोण? हे सुधारणारा ‘पाइपफेल’ हा पर्याय कॉर्न शेल आणि बॅशमध्ये फार आधी आला. युनिक्सच्या अधिकृत प्रमाणात त्याला जागा मिळाली २०२४ मध्ये.

दरम्यान भाषा घडवणाऱ्यांनी एक्सेप्शनची वाट धरली. जॉन गुडइनफ यांच्या १९७५ च्या लेखाने त्या वादाची मांडणी केली: चूक सापडल्यावर वरच्या पातळीवरच्या कोडने काम तिथेच संपवावे, की काहीतरी दुरुस्ती सुचवून खालच्या कोडला जिथे अडले तिथून पुढे जाऊ द्यावे? एमआयटीत बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या गटाने घडवलेल्या क्लू भाषेत यादीवरून एकेक मूल्य पुरवणारे इटरेटर आणि एक्सेप्शन या दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या. तिथे पहिली वाट निवडली गेली. पुढे सी प्लस प्लसनेही तीच घेतली आणि त्याच्या मागून आलेल्यांनी ती गृहीत धरली. निवडीमागची कारणे भक्कम होती. दुसरी वाट घेतलेले कोड समजायला अवघड जाते, हा अनुभव गाठीशी होता. तरीही मालिकेच्या कामात हरवले ते नेमके त्या दुसऱ्या वाटेत होते. सात लाखाव्या नोंदीवर एक्सेप्शन फेकले गेले की लूप मोडतो, आधीच्या साऱ्या नोंदींवरचे काम हवेत राहते, आणि वरच्या कोडला ‘ही सोड, पुढची घे’ एवढे सांगायलाही वाव उरत नाही. कॉमन लिस्पने हा वाव राखला. तिथे खालचे फंक्शन ‘मला तीन गोष्टी करता येतील: नोंद सोडणे, बदली मूल्य घेणे, पुन्हा वाचणे’ असे पर्याय पुढे ठेवते आणि वरचे कोड त्यांतला एक निवडते, कामाचा ढाचा जागेवरच असतो, मोडत नाही. उत्तराचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याने निर्णय घ्यावा, ही कल्पना इतक्या स्वच्छ रूपात दुसरीकडे क्वचितच आढळते. ती मुख्य प्रवाहात आली नाही, याची हळहळ वाटावी अशी ती आहे.

या वाटेची अडचण जावाने सर्वांत ठळकपणे दाखवली. कोणते फंक्शन कोणते एक्सेप्शन फेकू शकते हे जाहीर करायला लावणारी जावा १९९५ ची; यादीवर एकामागोमाग फंक्शन लावत जाणाऱ्या स्ट्रीम तिच्यात २०१४ च्या आठव्या आवृत्तीत आल्या. स्ट्रीमला द्यायच्या फंक्शनच्या साच्यात असे जाहीर एक्सेप्शन बसतच नाही. त्यामुळे फाइल वाचणारी साधी ओळही स्ट्रीममध्ये घालायची तर एक्सेप्शनला वेगळा अंगरखा चढवून लपवावे लागते, आणि खुद्द जावाच्या लायब्ररीतच त्याच आवृत्तीत त्यासाठी एक नवा अंगरखा शिवून घ्यावा लागला. एकाच भाषेतल्या दोन चांगल्या कल्पना एकमेकींना भेटल्या तेव्हा दोघींची पंचाईत झाली, ती त्यांची भेट कधी कुणी विचारात घेतली नव्हती म्हणून.

चूक हे फेकण्याचे काही नसून परत देण्याचे एक मूल्यच आहे, असे मानणारा तिसरा पंथ फंक्शनल भाषांतून आला. फिलिप वॉडलर यांनी १९८५ मध्ये दाखवले की अपयश म्हणजे रिकामी यादी आणि यश म्हणजे उत्तरांची यादी असे धरले तर एक्सेप्शनवाचूनही बरेच काम होते. पुढे युजेनिओ मॉजी यांच्या गणिती मांडणीतून मोनाडची भाषा आली, आणि पहिल्या चुकीला थांबणारी साखळी नेमकी काय असते हे लिहून दाखवता आले. २००८ मध्ये कॉनर मॅकब्राइड आणि रॉस पॅटरसन यांनी या चित्राचा दुसरा अर्धा भाग पुढे आणला: पुढची पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून नसेल तर थांबण्याचे कारणच उरत नाही, सगळ्या पायऱ्या चालवून सगळ्या चुका एकत्र करता येतात. आम्हाला हा भेद या साऱ्या इतिहासातला सर्वांत कामाचा वाटतो. थांबावे की गोळा करावे हा स्वभावाचा प्रश्न राहत नाही. नोंदी एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत की स्वतंत्र आहेत, या वस्तुस्थितीवरून तो सुटतो. २०१५ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या रस्टने हा पंथ रोजच्या कामात आणला. ‘रिझल्ट’ या टाइपच्या मूल्यांची यादी असेल तर एका ‘कलेक्ट’ने ती उलटवून यादीचा एकच ‘रिझल्ट’ करता येतो: सगळी मूल्ये चांगली असतील तर पुरी यादी, नाहीतर पहिली चूक. आणि तसे नको असेल तर त्याच यादीची चांगल्या-वाईटाची दोन टोपल्यांत वाटणीही करता येते.

एवढ्यावर समाधान मानून ‘टाइपांनी प्रश्न सोडवला’ असे म्हणणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी रस्टमधलेच एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. फाइलीतल्या ओळी वाचताना प्रत्येक ओळ ‘रिझल्ट’ म्हणून येते, कारण वाचता वाचता डिस्क बिघडू शकते. त्या कटकटीतून सुटायला लोक चांगल्या ओळी तेवढ्या ठेवणारी एक चाळणी लावतात. कोड छोटे आणि देखणे दिसते. पण फाइलीच्या जागी चुकून फोल्डरचे नाव दिले गेले, तर काही यंत्रणांवर उघडणे यशस्वी होते आणि वाचणे प्रत्येक वेळी अयशस्वी. स्रोत ‘संपलो’ असे कधी म्हणतच नाही; चाळणी एकामागून एक चुका टाकत राहते आणि प्रोग्राम अनंतकाळ फिरत राहतो. रस्टच्या क्लिपी या तपासनिसात नेमक्या या चाळणीविरुद्ध इशारा देणारा स्वतंत्र नियम आहे. चूक होऊ शकते एवढे टाइपाने सांगितले. ती नोंदीची की स्रोताची, आणि तिचे काय करायचे, हे सांगणे त्याच्या आवाक्यात नव्हते.

संपणे आणि तुटणे यांची ही गल्लत भाषाभाषांत वेगवेगळ्या वेषांत भेटते. पायथनमध्ये मालिका संपल्याची खूणच एक्सेप्शन आहे. त्यामुळे एकेक मूल्य पुरवणाऱ्या जनरेटरच्या आत कुणी दुसऱ्या रिकाम्या यादीतून पुढचे मूल्य मागितले, तर त्या आतल्या यादीचे संपणे बाहेर झिरपून सबंध जनरेटर निमूटपणे संपत असे. उरलेल्या नोंदी गेल्या कुठे, हे शोधत बसायचे. हे बदलण्याचा प्रस्ताव २०१४ मध्ये मांडला गेला आणि २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून तसे झाल्यास उघड एरर येऊ लागली. गो भाषेतला ‘स्कॅनर’ ओळी संपल्या तरी ‘नाही’ म्हणतो आणि वाचताना अडचण आली तरी ‘नाही’च म्हणतो; खरे कारण लूपनंतर वेगळे विचारावे लागते. एखादी ओळ ६४ किलोबाइटांच्या ठरावीक मर्यादेपेक्षा लांब निघाली की तो थांबतो, आणि लूपनंतर विचारणारी ती एक ओळ लिहायची राहिली असेल तर अर्धी फाइल हीच पूर्ण फाइल ठरते. हे केवळ प्रोग्रामरांचे आपसातले रडगाणे नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडच्या चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात उतरवले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी गळल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांतून वगळले गेले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. कोणतीही नोंद चुकीची नव्हती, कोणताही प्रोग्राम कोसळला नव्हता. आत आलेल्या ओळी आणि उतरलेल्या ओळी यांचा ताळा घेतला असता तर फरक पहिल्याच दिवशी दिसला असता.

आणखी एक पंथ चुकीला मूल्यांच्याच रांगेत बसवतो. १९८५ च्या आयईईई ७५४ या प्रमाणाने फ्लोटिंग पॉइंट गणितासाठी ‘ही संख्या नव्हे’ अशा अर्थाचे नॅन हे मूल्य दिले. गणित न थांबता पुढे चालते आणि नॅन ज्याला शिवेल त्यालाही नॅन करते. कल्पना प्रामाणिक आहे. अडचण येते ती मालिकेवर. नॅन कोणत्याही संख्येपेक्षा मोठे नाही, लहान नाही, स्वतःशीही समान नाही. त्यामुळे पायथनमध्ये नॅन, १, ३ या यादीतले सर्वांत मोठे मूल्य विचारले तर उत्तर नॅन. १, नॅन, ३ असा क्रम केला तर उत्तर ३. नंपायमध्ये नॅन असलेल्या स्तंभाची बेरीज नॅन येते. तोच स्तंभ पांडाजला दिला तर तो न विचारता नॅन वगळतो आणि एक व्यवस्थित आकडा हातावर ठेवतो. एसक्यूएलमध्ये तर एकाच भाषेत दोन्ही रीती आहेत: एका ओळीत नलमध्ये काही मिळवले तर उत्तर नल, पण स्तंभाची बेरीज नल गाळून. यांतली कोणतीही एक रीत चूक म्हणता येणार नाही. चूक आहे ती निर्णय निमूटपणे घेण्यात. आणि चुकीचा संदेश मूल्यांच्या वाटेने पाठवण्याची परमावधी पाहायची तर ४ जून १९९६ चे एरियान ५ चे पहिले उड्डाण पाहावे. एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, दिशामापन यंत्रणा बंद पडली, आणि बंद पडताना तिने पाठवलेली निदानाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचली. उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. कारणे अनेक होती. पण चूक आणि मूल्य एकाच तारेवरून, एकाच रूपात गेले, हे त्यांतले एक.

मोठ्या प्रमाणावरच्या कामांनी प्रश्नाचे माप बदलले. जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांच्या २००४ च्या मॅपरिड्यूसवरील लेखात वाईट नोंदी वगळण्यावर एक छोटा भाग आहे आणि तो आवर्जून वाचावा असा आहे. एखादी नोंद हाताळताना प्रोग्राम कोसळायला लागला की तो शेवटच्या क्षणी त्या नोंदीचा क्रमांक मुख्य यंत्राला कळवतो; तीच नोंद पुन्हा आडवी आली की मुख्य यंत्र पुढच्या फेरीत ती वगळायला सांगते. इथे वगळण्याचा निर्णय नोंद वाचणारा घेत नाही, सबंध काम ज्याच्या नजरेत आहे तो घेतो, आणि तेही पुरावा मिळाल्यावर. जाता जाता हेही सांगायला हवे की हा मार्ग ऐच्छिक ठेवलेला होता. न संपणाऱ्या स्ट्रीमच्या जगात मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक मायर यांच्या गटाने घडवलेल्या आरएक्सने करार कडक ठेवला: कितीही मूल्ये, मग एकतर समाप्ती किंवा एक एरर, आणि त्यानंतर काहीही नाही. स्वच्छ करार, पण एका वाईट नोंदीने वर्षभर चालायची स्ट्रीम कायमची बंद. काफ्का कनेक्टमध्ये २०१८ पासून वाईट नोंदी वेगळ्या रांगेत टाकता येतात. तिथेच सगळ्या चुका सहन कराव्यात अशीही एक सेटिंग आहे, आणि ती लावून वेगळी रांग व लॉग जोडायचे विसरले तर नोंदी मागमूस न ठेवता नाहीशा होतात. जावास्क्रिप्टने २०१५ मध्ये पहिल्या अपयशाला हात वर करणारे ‘प्रॉमिस ऑल’ दिले आणि प्रत्येकाचा निकाल सांगणारे ‘ऑल सेटल्ड’ २०२० मध्ये. पायथनला एकाच वेळी अनेक चुका नीट वाहून नेणारा एक्सेप्शनचा गट २०२२ मध्ये मिळाला. जुन्या प्रश्नाची ही इतकी ताजी उत्तरे पाहता विषय मिटला असे कुणी म्हणू नये.

आता आक्षेप. पहिला असा की दहा लाखांत शे-पन्नास नोंदी गेल्या तर काय बिघडते? मॅपरिड्यूसच्या लेखकांनीही मोठ्या सांख्यिकी कामात काही नोंदी सोडणे चालण्यासारखे मानले होते. नोंदी लॉटरी काढल्यासारख्या कुठूनही बिघडत असत्या तर हा युक्तिवाद मान्य करता आला असता. त्या तशा बिघडत नाहीत. त्या एकाच कारणाने, एकाच ठिकाणच्या, घोळक्याने बिघडतात. देवनागरीचे उदाहरण घ्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे असते. फाइल ४,०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाचली आणि तुकडा सलग देवनागरीचा असेल, तर १,३६५ चिन्हे पुरी बसतात आणि पुढच्या चिन्हाचा एकच बाइट आत राहतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडणाऱ्या प्रोग्रामला इथे ‘चुकीचा बाइट’ दिसतो. माहितीत काहीही चूक नाही, कापले आपणच. आता उलगडताना ‘चुका दुर्लक्षित करा’ असे सांगितले असेल तर ते चिन्ह गळते, आणि ‘चुकीची ओळ सोडा’ असे सांगितले असेल तर नोंदच जाते. साध्या इंग्रजी अक्षरांत नाव असलेल्या माणसाची नोंद मात्र या अपघातात कधीच सापडत नाही, कारण तिथे प्रत्येक अक्षर एका बाइटाचे. जुन्या इस्की संकेतातल्या किंवा फॉन्टवर बेतलेल्या मराठी फाइली आजच्या प्रणालीत घेताना याच जातीचा घोळ मोठ्या प्रमाणावर होतो. गळालेल्या नोंदी थोड्याच, पण त्या साऱ्या एकाच भाषेच्या. टक्केवारी पाहणाऱ्याला हे दिसत नाही. बाजूला काढलेल्या नोंदी उघडून पाहणाऱ्याला पहिल्या पानावर दिसते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: मग पहिल्या चुकीला थांबावे, त्यात फसवणूक नाही. काही कामांत हे अगदी बरोबर आहे. जमा आणि नावे या एका व्यवहाराच्या दोन बाजू असतील तर अर्धे करणे हे न करण्याहून वाईट, आणि डेटाबेसचे व्यवहार ‘सगळे किंवा काहीच नाही’ या तत्त्वावर चालतात ते याचसाठी. पण हजार जणांच्या खात्यात अनुदान पाठवायचे आणि एकाचा खाते क्रमांक चुकला म्हणून नऊशे नव्याण्णवांना थांबवायचे, याला सचोटी म्हणता येत नाही. बँकांच्या नॅच (एनएसीएच) व्यवस्थेत हप्त्यांची किंवा अनुदानांची फाइल जाते तेव्हा प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र निकाल येतो, आणि जो परत फिरला त्याला कारणाचा कोड असतो. बँकिंगमधल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. नवल हे की पुष्कळ नामांकित लायब्ररींना अजून एवढे जमलेले नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि तो गंभीर आहे. सगळ्या चुका जपायच्या तर मेमरी लागते, कोड वाढते, आणि बग असेल तर दहा लाख चुका जमतात. याला एकच रामबाण उत्तर नाही. पण बहुतेक कामांना सगळ्या चुका जपाव्या लागत नाहीत. किती आल्या, किती पार पडल्या, किती बाजूला पडल्या, आणि स्रोत स्वतःहून संपला की तुटला, एवढा ताळा आणि सोबत मोजके नमुने पुरतात. ठरावीक प्रमाणापुढे नोंदी पडू लागल्या तर तो नोंदींचा दोष नसून आपला बग आहे असे धरून थांबायचे, हा एक नियम जोडला की तिसऱ्या प्रकारची चूकही आवरते. खर्च काही मोजण्यांचा आणि एका तुलनेचा.

हे सारे आत्ताच का? एक तर माहितीची ने-आण करणारे कोड लिहिणारे आता केवळ प्रोग्रामर राहिलेले नाहीत. संशोधक, पत्रकार, सरकारी कचेऱ्यांतले सांख्यिकी अधिकारी रोज ते लिहितात, आणि त्यांना नॅन गाळून मिळालेली बेरीज ही बेरीजच वाटते. दुसरे, कोड आता यंत्राकडून लिहून घेतले जाते, आणि मागितले नसतानाही लूपच्या आत ‘चूक झाली तर पुढे चला’ अशी ओळ त्यात सहज येऊन बसते; ती कशाचा निर्णय घेते आहे हे ओळखणारा वाचक लागतो. तिसरे, भाषा स्वतः बदलत आहेत. गोमध्ये २०२४ पासून स्वतःचे इटरेटर लूपमध्ये चालवता येतात. एरर प्रत्येक मूल्यासोबत द्यावी की शेवटी एकदाच विचारावी, याची एक ठरलेली रीत तिथे अजून पडलेली नाही. रीत पडण्याआधी वाद समजून घेतलेला बरा.

या पुस्तकात कोणत्याही एका भाषेची बाजू घेतलेली नाही. एकच छोटे काम, रकमांची फाइल वाचून तिचा गोषवारा देणे, हे पुस्तक वेगवेगळ्या पंथांच्या रीतींनी करून पाहते आणि प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारते: निर्णय कुणी घेतला, तो उत्तरात दिसतो का, आणि संपणे व तुटणे वेगळे कळते का. उदाहरणे पायथन, रस्ट, गो, जावा आणि शेलमध्ये आहेत. हॅस्केल आणि लिस्प जिथे त्यांच्यावाचून मुद्दा मांडता येत नाही तिथेच. वाचकाला लूप आणि फंक्शन येत असावेत एवढीच अपेक्षा आहे. मोनाड हा शब्द पूर्वी ऐकला नसेल तर काही बिघडत नाही. अनेक यंत्रांवर एकाच वेळी चालणाऱ्या कामांत नोंदींचा क्रम कसा टिकवायचा आणि तीच नोंद दोनदा हाताळली गेली तर काय, हा याला लागून असलेला मोठा विषय मुद्दाम बाहेर ठेवला आहे. त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. एर्लांग भाषेच्या ‘कोसळू द्या आणि पुन्हा उभे करा’ या विचाराला मात्र जागा दिली आहे, कारण ज्यो आर्मस्ट्राँग आणि एरिक्सनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला तो विचार इथल्या मुख्य म्हणण्याच्या पुष्कळसा विरोधात जातो आणि त्याला उत्तर देणे सोपे गेलेले नाही. ते प्रकरण शेवटी ठेवले आहे. ज्यांना वाद आवडतात त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल.